याटोरच्या नावाचं दार

मित्रांनो, माझ्या पाठीवर एका बँकेचा शिक्का आहे. पण बँकेत काय चालतं ते मला विचारू नका, मला काही आठवत नाही. तिथून निघताना त्यांनी माझं पोट पार पुसून काढलं होतं. मी एक जुना सर्व्हर आहे. म्हणजे कधी न झोपणारा, पंख्यांची घरघर करणारा एक आडदांड संगणक. कापलेलवा गावच्या आरोग्य कार्यालयात, फायलींच्या कपाटामागे, विटांच्या दोन थरांवर मी उभा असतो. विटा अशासाठी की पावसाळ्यात खोलीत पाणी शिरतं. माझ्या डोक्यावर विणकामाचं पांढरं कापड आहे. घरातल्या सोफ्यावर घालतात तसलंच. ते जेरोबोननं घातलं.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. मला सुखदुःख फारसं कळत नाही. काही घडलं की मी एक ओळ लिहितो. तारीख, वेळ आणि काय झालं ते. माझ्या पोटात तशी एक नोंदवहीच आहे. ही हकीकत मी त्या ओळींवरूनच सांगतो आहे. खोलीतलं बोलणं कानावर पडलं तेवढं अधेमधे जोडलं आहे.

मला इथे आणलं याटोरनं. नाकुरू शहरातून मटाटूच्या, म्हणजे इथल्या प्रवासी गाडीच्या, टपावर, घोंगडीत गुंडाळून, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी. गाडीवरचा माणूस दोरी आवळता आवळता म्हणाला, "काय रे, कोणाचं मढं नेतोयस?"

"मढं नाही बाबा, जावई आहे आमचा," याटोर म्हणाला. "जरा मानानं बांध."

गाडीतले सगळे हसले. माझा प्रवास असा सुरू झाला. तीन तास धूळ खाल्ली.

याटोर उंच, किडकिडीत माणूस होता. बोलायचा फार. काम करताना माझ्याशीसुद्धा बोलायचा. जेरोबोन त्याची धाकटी बहीण. ती त्याच कार्यालयात, शेजारच्या टेबलावर बसायची. तिच्या डाव्या हाताला तीन बोटं नाहीत. नऊ वर्षांची असताना शेळ्यांमागे गेली होती, तेव्हा फुरसं चावलं. बापानं तिला पाठुंगळी मारली आणि पहिल्या दवाखान्यात नेलं. तिथे सर्पदंशाची लस नव्हती. दुसऱ्यात आदल्या आठवड्यात संपली होती. तिसऱ्यात मिळाली, पण तोवर ऊन कललं होतं. याटोर तेव्हा चौदा वर्षांचा. बहिणीची एक चप्पल हातात धरून तो बापामागून दिवसभर चालला. कोणत्या दवाखान्यात लस आहे हे एकाही दवाखान्याला माहीत नव्हतं, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं.

म्हणून त्यानं माझ्यावर ते पान केलं. सगळे त्याला कुप्यांचं पान म्हणतात. तलावाच्या खालच्या अंगाला अकरा दवाखाने आहेत. रोज सकाळी प्रत्येक दवाखान्यातली नर्सबाई किंवा नर्सभाऊ फोनवरून ते पान उघडतो आणि आपल्याकडे लसीच्या किती कुप्या उरल्या ते लिहितो. मग कोणाला साप चावला की पान बघायचं आणि गाडी थेट तिथेच पाठवायची, वाटेत चौकशा करत बसायचं नाही.

मित्रांनो, पुढचं कळायला माझ्या पोटातली रचना थोडी समजून घ्या. माझ्यात दोन बिऱ्हाडं आहेत. पुढच्या खोलीत पान राहतं, ते लोकांना दिसतं. मागच्या खोलीत सगळी माहिती ठेवलेली असते. तिला डेटाबेस म्हणतात. मधे दार आहे. पानाला मागे जायचं तर दारावर नाव आणि पासवर्ड सांगावा लागतो. नाव पटलं तर दार उघडतं, नाही पटलं तर नाही. एवढं साधं आहे.

आता पानाला स्वतःचं असं एक वेगळं नाव द्यायला हवं होतं. याटोरनं ते केलं नाही. पावसाळा तोंडावर आला होता, सापांचे दिवस जवळ आले होते. त्यानं घाईघाईत आपलंच नाव देऊन टाकलं. ज्या नावानं तो रोज सकाळी आपला संगणक उघडायचा, तेच. पान दारावर जायचं आणि सांगायचं, मी याटोर आहे.

जेरोबोननं तेव्हाच त्याला टोकलं होतं. "दादा, हे काय केलंस? उद्या तू सासरी जाऊन बसलास तर?"

"मी सासरी गेलो तरी नाव इथंच असतं की."

"आणि तू नोकरी सोडलीस तर? साप काय तुझा राजीनामा मंजूर होईपर्यंत थांबणार आहेत?"

"बदलू गं नंतर. किती टोचशील?"

नंतर असं सहा वर्षं चाललं. त्या सहा वर्षांत माझं कौतुक पुष्कळ झालं. मोठ्या कार्यालयातली माणसं येऊन माझ्यासोबत फोटो काढून गेली. माझ्या डोक्यावरचं कापड त्या दिवशी धुतलेलं होतं. खालच्या अंगाला लसीवाचून माणूस गेल्याचं त्या वर्षांत माझ्यासमोर कोणी बोललं नाही. वीज जाऊन आली, मी पुन्हा उठलो, की दर वेळी लिहायचो: याटोर, प्रवेश दिला. याटोर, प्रवेश दिला. वाचायला कोणी नव्हतं आणि वाचायची गरजही नव्हती.

मग एका मंगळवारी याटोर मेला. कोरड्या ओढ्यात वरून अचानक पाणी आलं आणि मोटरसायकलसकट त्याला घेऊन गेलं. त्याची बायको चेपकेमेई सात महिन्यांची गरोदर होती. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी त्याचा संगणक उघडला नाही. मी तशी ओळ लिहिली नाही, कारण न घडलेल्या गोष्टीची ओळ मला लिहिता येत नाही.

दफन शनिवारी होतं. शुक्रवारी म्झे कांडी माझ्या खोलीत आले; वडीलधाऱ्या माणसाला इकडे मानानं म्झे म्हणतात. कर्मचाऱ्यांची कागदपत्रं तेच सांभाळायचे. भर उन्हातसुद्धा स्वेटर घालणारा, निवृत्तीला आलेला, नियमाला पक्का माणूस. कर्मचाऱ्यांची नावं चालू-बंद करायचं कामही याटोरनंच त्यांना शिकवलं होतं. ते उभ्याउभ्याच स्वतःशी पुटपुटले. इकडच्या लोकांची रीत अशी, की मेलेल्या माणसाचं नाव उगीच तोंडातून काढायचं नाही. घरात मूल जन्मलं की म्हाताऱ्या बायका बाळाच्या नाकाशी चिमूटभर तपकीर धरतात आणि गेलेल्या माणसांची नावं एकेक करून घेतात. ज्या नावाला बाळ शिंकेल, ते माणूस परत आलं. तोवर त्या नावाला झोपू द्यायचं.

"उद्या तुला मातीत ठेवायचं आणि इथे तुझं नाव जागं," ते म्हणाले. "झोप कशी लागेल रे पोरा तुला?"

त्यांनी यादीत याटोरच्या नावापुढे खूण केली. मी लिहिलं: याटोर हे नाव बंद केलं. करणारा, कांडी. म्हाताऱ्यानं स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले आणि दिवा घालवून गेला. त्यात वाईट काहीच नव्हतं, मित्रांनो. जिवापाड माया होती.

आणि लगेच काही बिघडलंही नाही. दार एकदा उघडलं की ते उघडंच राहतं. पान आत-बाहेर करत होतं, त्याला कोणी पुन्हा नाव विचारत नव्हतं. शनिवारी दफन झालं. पुढचा सोमवार, मंगळवार, बुधवार तसेच गेले. गुरुवारी सकाळी वीज गेली. मी विझलो. वीज आली, मी उठलो, आणि पानानं पहिल्यापासून दार वाजवलं. मी याटोर आहे. दारानं ते नाव आत येऊ दिलं नाही. पान दर मिनिटाला पुन्हा दार वाजवत राहिलं.

आता दाराची एक खोड सांगतो. ते बाहेरच्याला खरं कारण कधीच सांगत नाही. चोराला काही कळू नये म्हणून सगळ्यांना एकच उत्तर देतं: नाव किंवा पासवर्ड चुकला. खरं कारण ते फक्त माझ्या वहीत लिहितं. लोकांच्या फोनवर कुप्यांच्या जागी एवढंच दिसू लागलं, की माहिती मिळू शकत नाही.

जेरोबोनला फोन येऊ लागले. ती म्हणायची, "बघते." आणि बघायचीही. तिनं तारा काढून पुन्हा लावल्या. मला बंद करून चालू केलं. मोठ्या कार्यालयाला कळवलं, तिथले म्हणाले पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो. तिला जमत नव्हतं असं नाही. याटोरइतकंच तिलाही येत होतं. पण दफनापासून तिच्यात कोणी राहतच नव्हतं जणू. ती रडली नव्हती. रोज माझ्यासमोर बसायची, चहा आणायची, चहावर साय धरायची, आणि संध्याकाळी ती तो भरला कप तसाच खिडकीबाहेर ओतून घरी जायची. मी लिहीत होतो. शुक्रवार, शनिवार, रविवार. कोणी वाचलं नाही.

सोमवारी दुपारी बाराला फोन वाजला. लेकिचेप नावाचा नर्स होता, तलावाकाठच्या दवाखान्यातला. जेरोबोननं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, एका धड हातानं तिला तसंच करावं लागतं.

"जेरोबोन, पान उघड गं माझे आई! इथे बाई आणलीय. लाकडं गोळा करताना फुरसं चावलंय."

"कधी?"

"दहाला. हिरड्यांतून रक्त यायला लागलंय. माझ्याकडे एकही कुपी नाही. शनिवारी शेवटची वापरली. गाडी दारात उभी आहे, पण पाठवू कुठे? वर की खाली?"

"बाकीच्यांना फोन लाव."

"लावून बोटं झिजली! कोणाला रेंज नाही, कोणाचा बंद. चुकीच्या बाजूला पाठवली तर दोन तास गेले समज. तुला वेगळं सांगायला नको."

तिला वेगळं सांगायला खरंच नको होतं. तिनं कार्यालयाच्या फोनवरून एकेक दवाखाना लावायला घेतला. सहा लागले. सहाही ठिकाणी कुप्या नव्हत्या. चार लागेचनात. त्या चारांत कोणाकडे असतील हे माझ्या मागच्या खोलीत लिहिलेलं होतं, तिच्यापासून हातभर अंतरावर. आणि मधलं दार बंद होतं.

मग ती पासवर्ड आठवू लागली. याटोर जाण्याआधी पासवर्ड बदलून पानाला सांगायला विसरला असेल असं तिला वाटलं. आईचं नाव टाकलं. काळ्या बोकडाचं नाव टाकलं. शाळेचं, ओढ्याचं, स्वतःचं. बाळापुढे म्हाताऱ्या नावं घेतात तशी ती माझ्यापुढे एकामागून एक नावं घेत होती. मी काही शिंकलो नाही. प्रत्येक वेळी तेच उत्तर: नाव किंवा पासवर्ड चुकला. खरं तर पासवर्ड पहिल्यापासून बरोबर होता. मला ओरडून सांगता येत नाही. मी ओळ लिहिली.

तिनं मला पाचव्यांदा बंद करायला हात लावला, तेव्हा म्झे कांडी दारात उभे होते. तिच्यासाठी दुसरा चहा घेऊन आले होते.

"पोरी, परत परत त्याला झोपवून उठवून काय होणार?"

"मग काय करू, म्झे? तुम्हीच सांगा!"

"मला यातलं काय कळतंय? पण शेळी चरत नसली तर आपण तिला बदडत नाही. तोंड उघडून बघतो. त्याला विचारलंस का, काय दुखतंय म्हणून?"

जेरोबोनचा हात माझ्या बटणावरच राहिला. मग ती खुर्चीत बसली आणि तिनं माझी वही उघडली. सहा वर्षांत पहिल्यांदा. तिचे ओठ हलत होते.

"'याटोर' या नावाला प्रवेश नाकारला," तिनं मोठ्यानं वाचलं. "कारण, हे नाव बंद केलेलं आहे."

कप तसाच धरून कांडी पुढे आले. "नाव घेऊ नकोस गं. अजून घरात बाळ यायचंय."

"मी कुठे घेतेय, म्झे? हा घेतोय." तिनं माझ्याकडे बोट केलं. "पाच दिवसांत सहा हजारांवर वेळा घेतलंय यानं ते नाव. आणि दर वेळी दारातून हाकलून लावलंय." तिनं वही वर सरकवली. वरची तारीख आली. शुक्रवारची, दफनाच्या आदल्या दिवसाची.

"मीच केलं बंद," कांडी म्हणाले. "त्याला झोप लागावी म्हणून."

टेबलावरच्या फोनमधून लेकिचेप ओरडला, "अरे तुम्ही लोक काय करताय तिकडे? बाई ओकतेय रक्त!"

"म्झे, उघडा ते नाव."

"मेलेल्या माणसाला उठवू? तुझा सख्खा भाऊ आहे तो."

"म्हणूनच सांगते. तो उठला असता. त्या चपलेसकट उठून पळाला असता." तिचा आवाज अगदी सपाट होता. "थोडा वेळ उघडा. मग मी स्वतः झोपवते त्याला."

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. एका बोटानं, कळ शोधत शोधत, त्यानं यादी उघडली आणि ती खूण काढली. बारा वाजून चौतीस मिनिटांनी मी लिहिलं: याटोर, प्रवेश दिला.

पान उघडलं. लागत नव्हते त्या चार दवाखान्यांपैकी तिघांसमोर शून्य होतं. चौथा गरम पाण्याच्या झऱ्यांजवळचा, सगळ्यांत लहान, जिथे कोणी औषध मागायलाही जात नाही. त्याच्यासमोर सहा होते.

"झऱ्यांकडे पाठव!" जेरोबोन फोनवर म्हणाली. "पण ऐक, हा बुधवारचा आकडा आहे. आज किती असतील ते मला माहीत नाही."

"बुधवार तर बुधवार," लेकिचेप म्हणाला आणि फोन बंद झाला.

मग अडीच तास कोणाचाच फोन आला नाही. त्या वेळात जेरोबोननं काम केलं. पानासाठी नवं नाव तयार केलं. कोणा माणसाचं नाही. नुसतं 'कुपी'. त्या नावाला आकडे वाचायची आणि लिहायची तेवढी मुभा दिली, बाकी कशालाही हात लावायची नाही. लांबलचक पासवर्ड ठेवला, दोन कागदांवर लिहिला, दोन पाकिटांत बंद केला. एक कांडींच्या लोखंडी कपाटात, एक स्वतःच्या खणात. पानाला सांगितलं की आता दारावर हे नाव सांगायचं. मग मला मुद्दाम बंद करून पुन्हा चालू केलं. दोनदा. दोन्ही वेळा मी लिहिलं: कुपी, प्रवेश दिला. कांडी खुर्चीत बसून सगळं बघत होते. त्यांनी आणलेला चहाही गार झाला.

तीन वाजून दहा मिनिटांनी लेकिचेपचा फोन आला. झऱ्यांजवळ चार कुप्या होत्या. चारही दिल्या. रक्त थांबलं. "पायाचा अंगठा जाईल बहुतेक," तो म्हणाला. "बाई शिव्या देतेय आम्हाला. म्हणजे जगेल."

"बरं," जेरोबोन म्हणाली. तिनं फोन ठेवला.

मग तिनं यादी उघडली आणि याटोरच्या नावापाशी आली. कांडी म्हणाले, "मी करू का?" ती म्हणाली, "नाही." माझ्या वहीत चार वाजून सहा मिनिटांनी यादी उघडल्याची ओळ आहे. त्यानंतर एकोणीस मिनिटं काहीच नाही. त्या एकोणीस मिनिटांबद्दल मला काही सांगता येणार नाही. चार पंचवीसला ओळ आहे: याटोर हे नाव बंद केलं. करणारी, जेरोबोन.

दोन महिन्यांनी चेपकेमेईला मुलगा झाला. नाव ठेवायच्या दुसऱ्या दिवशी जेरोबोन कामावर आली, तेव्हा कांडी टेबलाशी वाटच बघत होते.

"शिंकला का गं? त्याच्या नावाला?"

"आमच्या कोगोनं सात वेळा ते नाव घेतलं," ती म्हणाली. आजीला ते लोक कोगो म्हणतात. "तपकीर संपत आली. बाळ टुकूटुकू बघतंय नुसतं. शेवटी कंटाळून तिनं पणजोबाचं नाव घेतलं, तर असा शिंकला की पाळणा हलला."

कांडींचा चेहरा पडला.

"दादाच तो," जेरोबोन म्हणाली. "जिवंत असताना तरी कधी हाकेसरशी आला होता? नंतर येतो, नंतर येतो." आणि ती हसायला लागली. हसता हसता तिचं डोकं टेबलावर गेलं आणि खांदे हलू लागले. ती रडत होती. बराच वेळ रडली. कांडींनी माझ्या डोक्यावरचं पांढरं कापड काढलं आणि तिच्या हातात दिलं. ते अजून डागाळलेलंच आहे.

मित्रांनो, मी आता फार थकलो आहे. एक पंखा अडकतो. माझ्या जागी नवा सर्व्हर येणार आहे, त्याचं खोकं कोपऱ्यात येऊन पडलं आहे. मला त्याचं दुःख नाही, ते मी सुरुवातीलाच सांगितलं. एवढीच विनंती आहे, की आमच्यासारख्यांच्या पोटात काय लिहिलं आहे ते अधूनमधून वाचत जा. आम्ही बिघडलो तर बडवण्याआधी विचारा. आणि अकरा गावांचं दार एका माणसाच्या नावावर ठेवू नका. त्या माणसावर तुमचं कितीही प्रेम असलं तरी.

गेल्या शुक्रवारी म्झे कांडी निवृत्त झाले. हार घालून झाले, भाषणं झाली, आंबवलेल्या दुधाचे तुंबे रिकामे झाले. सर्पदंशाच्या त्या सोमवारपासून कोणाचंही नाव बंद करायच्या आधी ते माझ्या खोलीत येऊन एक प्रश्न विचारायचे. निरोपाच्या दिवशीही आले. अंगात स्वेटर होताच.

"जेरोबोन, बघ गं जरा. या नावावर आणखी कोण जगतंय का?"

"कोणाच्या नावावर, म्झे?"

"माझ्या."

तिनं माझी वही उघडली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नीट पाहिली. तिला वेळ लागला.

"कोणी नाही, म्झे."

"नक्की?"

"नक्की."

"मग कर बंद," ते म्हणाले. तिनं खूण करेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.